चार डोक्यांचा उद्धार

३ मे

साडूबुवा,

पोचलो. हॉटेलच्या खाली एक सगळ्यांसाठीचा कॉम्प्युटर आहे, त्यावर मराठी उमटतं, म्हणून तिथून लिहितोय. फोनवरून लिहिलं असतं, पण तुमचा नंबर हिनं विमानतळावरच माझ्या फोनमधून काढून टाकला. मी म्हटलं, "अगं, साडू आहे तो माझा." तर म्हणाली, "माझी बहीण असेल तर तुमचा साडू. मला बहीण नाही." मुद्दा बिनतोड होता. तेव्हा हे पत्र तुमच्या चष्म्याच्या दुकानाच्या ई-मेलवर पाठवतोय. उत्तरही दुकानातूनच द्या. घरून देऊ नका.

विमानात तुमच्या दोघांच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या. एकीवर हिनं पर्स ठेवली, दुसरीवर तो कोट. हो, तोच. पूर्ण प्रवासात एकदाही अंगात घातला नाही, आणि एकदाही नजरेआड होऊ दिला नाही. हवाई सुंदरी उचलून वर ठेवायला आली तर हिनं तिच्याकडे असं पाहिलं की ती पुढच्या रांगेत जाऊन उगाचच कुणालातरी पाणी देऊन आली.

मला अजूनही कळलेलं नाही की झालं काय. तुमच्या बायकोनं माझ्या बायकोला प्रवासासाठी कोट शिवला. तो घट्ट झाला. माझ्या बायकोनं तो कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून सैल करून घेतला. एवढ्यावरून सख्ख्या बहिणी बोलायच्या बंद, चौघांच्या सहलीतून दोघं गळाले, आणि तुमची तिकिटं पाण्यात. लिफ्ट बंद पडते तेव्हा निदान कुठली तार तुटली ते सापडतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही इथल्या साइटवरून सवलतीची व्हाउचरं आधीच घेऊन ठेवली होती, त्यातलं रोपवेचं घेऊन आज गेलो. साठ टक्के स्वस्त, मानलं तुम्हाला. पण खिडकीतल्या मुलीनं आमच्याकडे बघितलं, आमच्या मागे बघितलं, आणि चार बोटं दाखवली. मी दोन दाखवली. तिनं पुन्हा चार. असं थोडा वेळ चाललं. शेवटी ती नुसतीच मान हलवायला लागली. हे व्हाउचर अर्धं करून मिळतं का, ते कळवा.

आणखी एक. तिनं मला दोनदा "मिस्टर साडू" म्हटलं. का?

तुमचा
(सध्या तरी) साडू


४ मे

साडूसाहेब,

अर्धं होत नाही. मी सगळे नियम पुन्हा वाचले. साइटवर मराठीचं बटण आहे, पण ते मराठी यंत्रानं केलेलं आहे. जसंच्या तसं लिहितो: "हा उद्धार चार डोक्यांसाठी आहे. डोकी कमी पडल्यास उद्धार होणार नाही. अर्धा उद्धार परत मिळत नाही. उद्धार झाल्यावर तक्रार चालणार नाही." व्हाउचर वापरण्याला ते उद्धार म्हणतात. मला आधी वाटलं, पैसे भरल्यावर कुणीतरी फोन करून आपल्या घराण्याला शिव्या देणार आहे.

साडूचा खुलासा. फॉर्मवर पहिल्या रकान्यात लिहिलं होतं "नाते". मी प्रामाणिकपणे "साडू" लिहिलं. तो नावाचा रकाना होता हे नंतर कळलं. बरं, तिथे पहिल्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकालाच साठ टक्के मिळतात, म्हणून मी प्रत्येक व्हाउचरला नवीन खातं उघडलं. त्यामुळे रोपवे साडूंच्या नावावर आहे. हॉटेलातलं जेवण सासूबाईंच्या नावावर आहे, म्हणजे "सासू" एवढंच. त्या असत्या तर त्यांना आवडलं असतं, त्यांना स्वस्त मिळालेलं सगळंच आवडायचं. फोटो स्टुडिओचं हिच्या नावावर. नावावरून अडवणार नाहीत, डोकी मात्र चार लागतील. तेव्हा तिथलीच दोन माणसं घ्या. रांगेतून कुणीही. फुकट रोपवे कोण सोडेल?

कोटाचं तुम्हाला कळलं नाही म्हणता, तर असं समजा: तुम्ही बसवलेली लिफ्ट बिल्डिंगवाल्यांनी तुम्हाला न विचारता दुसऱ्या मेकॅनिकला बोलावून उघडली. आणि तो तुमच्याच गल्लीतला. ही ताईंचं माप कधी टेपनं घेत नाही. "ताईचं माप मला तोंडपाठ आहे," असं गिऱ्हाइकांना सांगते. आता त्या कोपऱ्यावरच्या माणसानं तिची शिवण उसवून पाहिली. तो येता जाता हसतो असं हिचं म्हणणं आहे. मी पाहिलं, त्याचे दात पुढे आहेत, तो सगळ्यांकडेच बघून तसा दिसतो. पण हे सांगायची ही वेळ नाही.

काल ही मशीन थांबवून म्हणाली, "तिकडे थंडी असेल का?" मी म्हटलं, "कुणाकडे?" म्हणाली, "मी भिंतीशी बोलत होते."

साडूसाहेब, मला खरंच काळजी वाटते. तुम्ही परत आल्यावरही या दोघी अशाच राहिल्या तर आपण रविवारी पत्ते कुठल्या नात्यानं खेळायचे? आपण दोस्त नाही. शेजारी नाही. एका ऑफिसात नाही. मला दुसरा कुणी एवढं वाईट खेळणारा मिळणार नाही.

तुमचा
साडू


६ मे

साडूबुवा,

वाईट कोण खेळतं ते आल्यावर बघू.

रोपवे झाला. डोकी मिळाली. झालं असं की हॉटेलची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबताना किंचित खाली बसते आणि मग वर येते. मला ते सहन होईना. मी खाली सांगायला गेलो तर इथला लिफ्टवाला आधीच येऊन उभा, हातात अगदी माझ्यासारखीच पिशवी. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला नाही. मी हातानं "बसते, मग उठते" असं करून दाखवलं. त्यानं छातीवर हात ठेवला. म्हणजे त्यालाही ते माहीत होतं आणि मालक ब्रेकची गादी बदलू देत नव्हता. सगळीकडे मालक सारखेच. मग आम्ही दोघं वर मशीनच्या खोलीत गेलो. हिनं खाली लॉबीत बसून वाट पाहिली. सहलीला येऊन मी लिफ्ट दुरुस्त करतोय यावर तिनं जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

त्याला आणि त्याच्या बायकोला रोपवेला नेलं. बायको कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे, कामावरून तशीच आली. खिडकीतल्या मुलीनं चार डोकी मोजली आणि शिक्का मारला. उद्धार झाला.

रोपवे म्हणजे आडवी लिफ्ट. दोर चांगला आहे. कप्प्यांना तेल कमी आहे. आम्ही दोघं पूर्ण वेळ वर बघत होतो, त्यामुळे खालचा देखावा कसा होता ते मला विचारू नका.

मध्ये त्यानं विचारलं, साडू म्हणजे काय. त्याच्या फोनमध्ये बोललेलं दुसऱ्या भाषेत उलटवून देणारं यंत्र आहे. मी सांगितलं: माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा. यंत्रानं बराच विचार केला. त्यांच्याकडे याला शब्दच नाही. मग मी सांगितलं की त्या दोघी बोलत नाहीत, आणि तुमच्याबद्दल. त्यानं मान डोलवली आणि फोनमध्ये काहीतरी बोलला. फोन मराठीत म्हणाला, "म्हणजे तो तुमचा कोणीच नाही."

मी म्हटलं, यंत्र चुकलं असेल. पण त्यात चुकण्यासारखं काय होतं?

जेवणाचं कधीपर्यंत चालेल?

साडू


७ मे

साडूसाहेब,

जेवण नऊ तारखेपर्यंत. साइटचा निरोप आलाय: "प्रिय सासू, तुमचा उद्धार संपत आला आहे." मी हसलो तर हिनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा नंबर चुकला.

इकडची हालत चांगली नाही. हिनं स्वतःचा कोटसुद्धा उसवला. एकाच कापडातून दोघींचे शिवले होते ना, विमानात शेजारी शेजारी घालून बसायला. सगळे तुकडे सुटे करून, इस्त्री करून, एकावर एक रचून ठेवलेत. रागानं उसवणारं माणूस इस्त्री करतं का? मला या बायकोशी लग्न करून इतकी वर्षं झाली, मी अजून अंदाजानंच चालतो.

एक काम करा. ताईंना सरळ विचारा की सैलच करायचा होता तर धाकटीकडे का दिला नाही. ही म्हणते, "मला एका शब्दानं सांगितलं असतं, मी रात्रीतून करून दिला असता. मला सांगावंसं वाटलं नाही तिला, एवढंच झालंय." तुम्ही कारण काढा, मी ते इकडे नीट पोचवतो. तेवढं माझ्यावर सोडा.

साडू


९ मे

साडूबुवा,

सरळ विचारलं. "जेवा," म्हणाली. तेव्हा सरळ मार्ग बंद.

पण ऐका. जेवायला पुन्हा लिफ्टवाला आणि त्याची बायको. दारातल्या माणसानं वही बघून मोठ्यानं हाक मारली, "सासू! चार जण!" ही दचकलीच. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आईला इथेही रांगेत उभं केलंत का?" मी म्हटलं, मी नाही, त्यानं. तर हसू आलं तिला. पण ते व्हाउचर कुणी घेतलं होतं ते आठवल्यावर मेनू उघडून बसली.

टेबल अगदी अरुंद, खिडकीजवळचं. मी आणि लिफ्टवाला एका बाजूला, या दोघी समोर. आम्ही त्याच्या फोनवर त्याच्या कामाचे फोटो बघत होतो. ती बाई मुळात कमी बोलणारी. स्वतःला जे वाढलं जाईल त्यातला चांगला तुकडा उचलून हिच्या ताटात ठेवायची. तुमची धाकटी ठेवते तसा. दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा ठेवल्यावर ही तिच्याशी बोलायलाच लागली. मराठीत. अगदी घरच्यासारखं, कोपर टेबलावर टेकून.

"तू असं करतेस ना, तिथेच सगळं अडतं," म्हणाली. "माझं काय वाढलं काय घटलं, तू विचारतच नाहीस. तुला पाठ आहे म्हणतेस. चारचौघांत अभिमानानं सांगतेस. मग मी कुठल्या तोंडानं सांगायचं की बाई गं, तुझ्या पाठांतरातली मी आता राहिले नाही? तुझं पाठांतर मोडायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून दुसऱ्याकडे गेले."

ती बाई लक्ष देऊन ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं हिचा हात थोपटला आणि आणखी एक तुकडा ठेवला.

मी फोटो बघत असल्याचं नाटक चालू ठेवलं. पण लिफ्टवाल्यानं माझ्याकडे बघून फोन खाली ठेवला. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

तर हे कारण. काळजीपूर्वक पोचवा. शब्द बदलू नका. "पाठांतर" हा शब्द तसाच ठेवा.

साडू


१० मे

साडूसाहेब,

चूक झाली.

मी संध्याकाळी चहा घेताना विषय काढला. तुमचं पत्र दाखवता येत नव्हतं, म्हणून आठवून सांगितलं. लांबलचक सांगितलं असतं तर ही म्हणाली असती, तुम्हाला इतकं तपशीलवार कोण सांगतंय. म्हणून थोडक्यात सांगितलं. मी म्हटलं, "अगं, ताई जरा जाड झाल्यात म्हणे, आणि तुला सांगायची लाज वाटली."

मशीन थांबलं. "म्हणजे माझं माप चुकलं?"

मी म्हटलं, "नाही नाही, तुझं बरोबर होतं. ताईंचं चुकलं."

यापुढचं सांगत नाही. मला कल्पना होती की तिला माझ्या आजोबांचं नाव माहीत आहे, पण त्यांच्या वडिलांचंही माहीत असेल असं वाटलं नव्हतं. साइटवाल्यांचा शब्द अगदी बरोबर आहे.

सध्या मी दुकानात मुक्कामाला आहे. डोळे तपासायच्या खुर्चीत पाठ टेकता येते. समोर अक्षरांचा तक्ता आहे, तो आता पाठ झाला. ती म्हणाली, "तिनं मला जाड झाल्याचं सांगितलं नाही आणि तुम्हाला सांगितलं? आता ती आली तरी मी त्या घराची पायरी चढणार नाही. आणि तुम्हीही नाही." साडूसाहेब, "तुम्हीही नाही" यावर तिनं वेगळा जोर दिला.

क्षमस्व.

साडू


११ मे

साडू,

तुमचं चष्म्याचं दुकान आहे आणि तुम्हाला समोरचं वाचता येत नाही. मी "पाठांतर" लिहिलं होतं. "जाड" हा शब्द माझ्या पत्रात कुठेही नाही. मी पुन्हा तपासलं.

काही इलाज नाही. परवा आमचं परतीचं विमान. आज शेवटचं व्हाउचर वापरलं, फोटोचं, ते तेवढं कळवतो.

मला जायचं नव्हतं. हीच म्हणाली, "पैसे भरलेत ना, मग जाऊ." तिथे गेल्यावर स्टुडिओवाला म्हणाला कौटुंबिक फोटो आहे, चार माणसं लागतील. लिफ्टवाला आला, बायको कारखान्यातून परस्पर आली, पुढून पूर्ण भिजलेली. स्टुडिओवाल्यानं तिच्याकडे बघून नाक मुरडलं. हिनं ते पाहिलं. काही न बोलता पिशवीतून कोट काढला, तिला घातला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली, कॉलर सरळ केली, आणि स्टुडिओवाल्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आता काढ." त्यानं लगेच काढला.

म्हणजे ज्या कोटावरून हे सगळं झालं तो शेवटी अंगावर चढला, पण तिसरीच्याच. ही नेहमीच्या साध्या कपड्यांत शेजारी उभी. मी आणि लिफ्टवाला मागे. दोघांनी पिशव्या खाली ठेवल्या नाहीत.

फोटो हातात देत नाहीत. ज्याच्या नावानं व्हाउचर घेतलं त्याच्या ई-मेलवर जातो म्हणे, म्हणजे तुमच्याकडे येईल. नीट ठेवा. आणि धाकटीला काही झालं तरी दाखवू नका. परक्या बाईच्या अंगात तिचा कोट. एवढं तरी जमेल ना?

साडू


११ मे, दुकानातून

साडूसाहेब,

माझ्याकडे आलेला नाही.

फोटोचं खातं हिच्या नावावर होतं, आणि नवीन खात्याला नवीन ई-मेल लागतो. तो मी हिचाच दिला होता.

घरी जातोय. तिनं अजून उघडला नसेल तर काहीतरी करतो. वीज घालवता येते का बघतो.


१२ मे

भावोजी,

तुमचे साडू वीज घालवताना सापडले. फ्यूज हातात होता. म्हणाले, साफ करतोय.

तुम्ही दोघं एकमेकांना लिहिता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दुकानात गिऱ्हाईक नसताना हा माणूस इतका वेळ टाइप करत नाही. मी काही बोलले नाही, कारण तिकडची खबर मलाही हवी होती. पण ती यांच्याकडून मिळते म्हणजे अशी मिळते. जाड म्हणे.

फोटो मी आधीच पाहिला होता. पहिल्यांदा ती बाई दिसली. माझा कोट, आणि आत कोण कुठली बाई. मी बंद केला. मग पुन्हा उघडला, कारण तिला तो बसलाय कसा ते बघायचं होतं. वाईट बसलाय. बाह्या आखूड, काखेशी मुंढ्यात चोळामोळा. मग कोट बघून झाल्यावर ताई दिसली.

भावोजी, ताईचा उजवा खांदा खाली गेलाय. तुम्ही मागेच उभे आहात आणि तुम्हाला दिसत नाही. तुमचं लक्ष कॅमेऱ्याकडेही नाही, वर छताकडे आहे. मी तो फोटो मोठा केला, टेबलावरची मोजपट्टी पडद्याला लावून पाहिली. पाठीलाही थोडा बाक आलाय. मी तिला दर आठवड्याला भेटते, आणि मला हे परदेशातल्या फोटोवाल्याकडून कळतंय. मी तिच्याकडे बघून माप घेतच नव्हते. डोक्यातल्या ताईचं घेत होते. ती सरळ उभी असते.

तो कोट तिला घट्ट झालाच नव्हता. घट्ट असता तर दोन्हीकडे झाला असता. तो तिला एका बाजूनं ओढत असणार, आणि तिला वाटलं आपण वाढलो. कोपऱ्यावरच्या त्या माणसानंही दोन्हीकडे सारखं सोडून दिलं. टेप गळ्यात घालून मिरवतो, आणि समोरच्या बाईचे खांदे बघितले नाहीत. मीही नाही बघितले, पण मी निदान बहीण आहे, मला तेवढी सवलत असायला हवी.

साइटनं विचारलंय, सेवा कशी वाटली, तारे द्या. मी एक दिला. माणसांना उभं कसं करायचं ते त्याला शिकायला हवं. मग वाटलं, त्यानं सरळ उभं केलं असतं तर मला दिसलंच नसतं. म्हणून आणखी दोन दिले.

आता काम ऐका. उद्या निघायच्या आधी तिचं माप घ्या. तुमची ती पत्र्याची टेप असेलच, तुम्ही सासरीसुद्धा ती घेऊन आला होतात. खांदा: मानेच्या हाडापासून टोकापर्यंत, दोन्ही बाजू वेगवेगळ्या, एक मोजून दुप्पट करू नका. पाठीची लांबी, दोन्ही बाजूंनी. मुंढा. छाती. कंबर. बाही, हात कोपरात थोडा वाकवून. तिला कळू देऊ नका. कळलं तर श्वास आत ओढून घेईल आणि सगळं चुकेल. यांनाही सांगू नका, हे थोडक्यात सांगतील.

माझे तुकडे इस्त्री करून तयार आहेत. माझ्या कोटाचं कापड तिला पुरेल.

धाकटी


१३ मे

चि. धाकटीस,

निघायला थोडा वेळ आहे, सामान खाली आणलंय, तेवढ्यात लिहितो.

आधी माप. खांदा डावा साडेचौदा सेंटीमीटर, उजवा तेरा. पाठ डावीकडून बेचाळीस, उजवीकडून चाळीस. मुंढा, छाती, कंबर, बाही वेगळ्या ई-मेलमध्ये पाठवतो. आकड्यांवर भरवसा ठेव. मी लिफ्टचे रूळ याच टेपनं लावतो, त्यात एवढासुद्धा फरक चालत नाही. मग हे मला इतकी वर्षं दिसलं कसं नाही, ते मला विचारू नकोस.

कळू न देता घेणं जमलं नाही. ती आरशासमोर केस विंचरत होती. मी मागून टेप उघडली. ही टेप उघडताना आवाज करते. म्हणाली, "काय मोजताय?" मी म्हटलं, "कपाट." म्हणाली, "कपाट तिकडे आहे."

मग मी सांगून टाकलं. थोडक्यात नाही, तुझ्या शब्दांत सांगितलं. फोटो, पट्टी, डोक्यातली ताई, सगळं. तिनं आरशात बघून उजवा खांदा उचलून पाहिला, मग सोडून दिला. फणी ठेवली, माझ्याकडे पाठ केली, आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभी राहिली. लहान मुलगी शाळेच्या नवीन गणवेशाला उभी राहते तशी. म्हणाली, "खरं लिहा. कमी करून लिहू नका." श्वास ओढला नाही. मी लक्ष ठेवून होतो.

पत्रा गार लागला तर एकदा शहारली, तेवढंच.

खाली लिफ्टवाला निरोप द्यायला आलाय. कोट त्याच्या बायकोकडेच राहिला. हिनं परत घेतला नाही, म्हणाली, तिला थंडी जास्त लागते. बाह्यांना पट्टी कशी जोडायची ते तुला विचारून कळवते, असंही तिला सांगून ठेवलंय. मराठीत.

साडूला दुकानातून घरी बोलाव. त्या खुर्चीत मान धरते.

उजव्या खांद्याशी मी दोनदा टेप लावली, मला खात्री करायची होती. ती म्हणाली, "तेराच आहे, पुन्हा काय मोजताय." मग आरशात बघून म्हणाली, "आईचाही असाच गेला होता शेवटी." मी टेप गुंडाळत होतो. ती म्हणाली, "पण आईचा डावा होता का गं?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

म्हणाली, "तुम्हाला नाही विचारलं."